वसतिगृहातील रात्र आणि जबाबदारी



ज्या शिक्षणप्रेमी सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी मुलुंडास एकत्र जमतो, त्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा काळ परगावच्या मुलांना या शहरात निवारा मिळवून देण्यात वेचला. त्यांच्या नावाने बोलावयाचे तर वसतिगृहांविषयीच, आणि त्यातही तेथील सुरक्षिततेविषयी बोलावे, असे मी ठरविले. विषय वरकरणी रूक्ष, एखाद्या खात्याच्या परिपत्रकात शोभावा असा वाटेल. परंतु ज्याच्या घरचे मूल उद्या शिक्षणासाठी घराबाहेर राहणार आहे आणि ज्याच्या घरी परगावचे मूल भाड्याने राहावयास येणार आहे, अशा दोघांचाही तो जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत या दोहोंपैकी एकही गोष्ट लागू नाही असे घर आज विरळाच सापडेल.

६ जून २०२३ रोजी मरीन ड्राइव्हवरील सावित्रीबाई फुले शासकीय महिला वसतिगृहात, चौथ्या मजल्यावरील एका खोलीत, उपनगरातील तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या आणि विदर्भातून येथे आलेल्या एका कोवळ्या मुलीचा मृतदेह सापडला. तिच्यावर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला होता आणि खोलीस बाहेरून कुलूप होते. ज्या इसमावर संशय होता तो त्याच वसतिगृहात अनेक वर्षे वावरणारा, कपडे धुण्याचे काम करता करता पहाऱ्याचेही काम पाहणारा माणूस होता. त्याच दिवशी चर्नी रोड स्थानकाजवळ रेल्वेमार्गावर त्याचेही प्रेत आढळले, आणि त्यामुळे जाबजबाब, उलटतपासणी व निकाल या मार्गाने सत्य बाहेर येण्याची वाट कायमची बंद झाली. त्या मुलीचे नाव मी घेणार नाही, आणि आपणही ते शोधू नये. तिच्या मृत्यूने आपल्यापुढे जो प्रश्न टाकला आहे तो मात्र आज तपशिलाने तपासावयाचा आहे.

सुरक्षितता म्हणून जे जे आपण सामान्यतः मोजतो ते बहुतेक सर्व त्या वास्तूत होते. कुंपणाची भिंत होती, फाटक होते, पहारेकरी होता, येण्याजाण्याची नोंदवही होती, आणि सरकारचे नाव तर दारावरच होते. अनर्थ ओढवला तो कुंपणाच्या आतून, ज्याच्या हाती पहारा सोपविलेला होता त्याच्याच बाजूने, असे तपासयंत्रणेचे म्हणणे होते. ते दिवस सुटीचे होते. बहुतेक मुली गावी गेलेल्या होत्या, आणि त्या मजल्यावर ती एकटीच राहिली होती असे त्या वेळच्या वृत्तांतून आले. गजबजलेल्या वसतिगृहात शेजारची खोली हाच मोठा पहारा असतो. सुटी लागली की तो पहारा उठतो आणि वेतनावरचा पहारेकरी तेवढा उरतो, ही साधी गोष्ट कोणत्याही नियमावलीत लिहिलेली मला आढळली नाही. सुटीच्या काळात मागे राहिलेल्या सर्व मुलींना एकाच मजल्यावर, परस्परांच्या हाकेच्या अंतरावर आणावयाचे आणि त्या मजल्यावर एका जबाबदार स्त्री-अधिकाऱ्याने प्रत्यक्ष झोपावयाचे, एवढ्या तजविजीस ना निविदा लागते, ना अंदाजपत्रकातील स्वतंत्र तरतूद.

त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मुलींच्या दहाव्या क्रमांकाच्या वसतिगृहात असाच, पण सुदैवाने प्राणांवर न बेतलेला प्रकार उघडकीस आला. उपाहारगृहातील एक कामगार नळांच्या मार्गाने स्नानगृहाच्या खिडकीपर्यंत पोहोचला होता. मुलींनी आरडाओरडा केला, पोलिसांत तक्रार दिली, त्यास अटक झाली, आणि संस्थेने ती वाट बुजवून रात्रीचे उपाहारगृह केवळ स्त्री-कर्मचाऱ्यांकडे सोपविण्याचे ठरविले. पवईचे ते आवार एका अंगाने तलावास आणि दुसऱ्या अंगाने राष्ट्रीय उद्यानाच्या रानास लागलेले आहे. तेथे बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि पालकांची छाती त्या बातम्यांनीच अधिक धडधडते. रानाचे भय दिसते, म्हणून त्याचा बंदोबस्तही होतो. इमारतीच्या मागील बाजूस, जेथे प्लंबर आणि सफाई कामगार यांच्यावाचून कोणी जात नाही तेथे, नळांच्या बोळकांडीला लागून असलेली आणि तावदान निखळलेली खिडकी मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. वसतिगृह पाहावयास जाणाऱ्या बापाने दर्शनी दिवाणखान्यातील सोफा पाहून परतू नये. इमारतीला मागील बाजूने, शक्य तर दिवेलागणीनंतर, एक फेरी मारावी.

आता थोडे मागे जाऊ. महाराष्ट्रात वसतिगृह ही केवळ निजण्याजेवण्याची सोय कधीच नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला चालना दिली आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करविली, डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले; अण्णासाहेब कर्व्यांचे हिंगण्याचे कार्य तर निवासावाचून कल्पिताच येत नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास जे छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, त्यात निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवत, आणि त्यांच्या भाकरीसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. या त्यागाची थोरवी आपण नित्य गातो. परंतु त्या बोर्डिंगातील कारभाराची एक बाजू मला आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते. मुलांचा सांभाळ करणारी माणसे मुलांमध्येच राहत होती. आजारी मुलाच्या उशाशी रात्री कोण बसेल, हे ठरविण्यासाठी तेथे पाळीचा तक्ता लागत नसे. आज आपल्या महाविद्यालयीन वसतिगृहांत रेक्टर हे पद बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असते. तो वा ती सायंकाळी डोंबिवलीस किंवा विरारला आपल्या घरी जाते. पहारा कंत्राटदाराकडून येतो, स्वच्छता दुसऱ्या कंत्राटदाराकडून, भोजनालय तिसऱ्याकडून. आणि रात्री दोन वाजता एखाद्या मुलीच्या पोटात असह्य कळ उठली किंवा तिच्या दारावर कोणी थाप मारली, तर तिने हाक मारावयाची ती कोणास, याचे उत्तर कागदोपत्री असते, इमारतीत नसते. म्हणून वसतिगृहाच्या सुरक्षिततेची पहिली कसोटी मी हीच मानतो, की रात्री त्या छपराखाली निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस झोपतो की नाही.

भाऊरावांच्याच चरित्रातील दुसरा एक प्रसंग याच विषयाची दुसरी बाजू उजळतो. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास गेले, परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्याच्या हाती खोली देण्याची सत्ता असते त्याच्या हाती ती काढून घेण्याचीही सत्ता असते. भाऊरावांसारखा तेजस्वी विद्यार्थी त्या सत्तेपुढे वाकला नाही. पण वसतिगृहाचे नियम तेजस्वी मुलांसाठी करावयाचे नसतात. बुलढाण्याच्या किंवा नंदुरबारच्या खेड्यातून आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलगी खोली जाण्याच्या भयाने किती सोसते, याची कल्पना खोली वाटणाऱ्यास क्वचितच असते. तिला दुसरेही एक भय असते, आणि ते अधिक खोल असते: तक्रार घरी कळली तर बाप म्हणेल, ‘बस झाले शिक्षण, घरी चल.’ त्रास देणारा सुटतो आणि जिला त्रास झाला तिचे नाव हजेरीपटावरून कमी होते, असा उलटा हिशेब आपल्या समाजात आजही चालतो. आणि गैरकृत्य करणारास तो पुरता ठाऊक असतो.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी या स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने आपले जीवन संपविले. ती जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल समाजाची होती; तीन ज्येष्ठ डॉक्टरांनी जातीवरून तिचा सतत छळ केल्याचा आरोप ठेवण्यात आला, त्यांना अटक झाली, आणि तो मामला न्यायासनापुढे गेला. निकालाविषयी बोलण्याचा अधिकार न्यायासनाचा आहे. तिच्या घरच्या माणसांनी मात्र सांगितले, की त्यांनी वरिष्ठांच्या कानांवर ही गोष्ट आधीच घातली होती. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठातील दिवंगत विद्यार्थी रोहित वेमुला याची आई राधिका वेमुला यांनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. शिकवून मोठे करण्यासाठी ज्यांनी लेकरे घरापासून दूर धाडली, त्या दोन मातांना उच्च शिक्षणसंस्थांतील भेदभावाविरुद्ध याचिका दाखल करावी लागावी, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांनी अंतःकरणास लावून घ्यावयास हवी. वसतिगृहातील असुरक्षितता नेहमी भिंत चढूनच येते असे नाही. ती शेजारच्या पलंगावरून, भोजनाच्या टेबलावरून, रोज थोडी थोडी येते, आणि तिचा पंचनामा होत नाही.

कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ सालीच अधिनियम केला. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे, आणि जो प्रमुख ती टाळील तो त्या अपराधास साहाय्यकारी मानला जाईल, इतकी कडक भाषा त्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ मध्ये आले. रॅगिंगच्या तक्रारींसाठी चोवीस तास चालणारा दूरध्वनी आहे, त्याचा क्रमांक १८००-१८०-५५२२, आणि तो प्रत्येक खोलीच्या दारामागे ठळक लिहिलेला असावा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यान्वये अंतर्गत समिती अनिवार्य झाली, आणि आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी तीत विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसही स्थान दिले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी निर्देश देताना, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे, असे बजावले. उणीव कायद्याची नसून कायदा आणि खोली यांच्यामधल्या जिन्याची आहे. एका वसतिगृहात मी तक्रारपेटी पाहिली: चांगली सागवानी, पितळी कुलूप लावलेली, रेक्टरच्या दाराला अगदी लागून टांगलेली, वरून कॅमेऱ्याची नजर, आणि किल्ली रेक्टरच्याच खणात. पेटी वर्षभर रिकामी राहिली, हे मला तेथील अधिकाऱ्यांनी समाधानाने सांगितले.

या बाबतीत अमेरिकेतील एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एप्रिल १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. खुनी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता, आणि आपोआप कुलूपबंद होणारी तीन दारे सहनिवाशांनी येण्याजाण्याच्या सोयीसाठी अडकण लावून उघडी ठेवल्यामुळे त्यास आत शिरता आले. तिच्या आईवडिलांच्या चिकाटीमुळे १९९० साली तेथे कायदा झाला, की सरकारी साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने आपल्या आवारातील गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध केलीच पाहिजे. या कायद्यातील शहाणपण मला फार मोठे वाटते. आपल्याकडे ज्या संस्थेत एकही तक्रार नोंदली जात नाही ती उत्तम समजली जाते, आणि त्यामुळे तक्रार दाबणे हे संस्थेच्या हिताचे ठरते. आकडे जाहीर करणे सर्वांनाच बंधनकारक झाले, की शून्य हा आकडाच संशयास्पद दिसू लागतो आणि पालक विचारू लागतात.

उघड्या दारांनी एक अनर्थ घडविला, तर बंद दारे दुसरा घडवितात. आपल्या उपनगरांतील कित्येक वसतिगृहांत रात्री जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचा सरकता दरवाजा ओढून कुलूप लावतात. किल्ली तळमजल्यावरील पहारेकऱ्याच्या खिशात, आणि पहारेकरी पंख्याखाली पेंगत. खिडक्यांना चोरांच्या भयाने पेटीसारख्या जाळ्या बसविलेल्या, त्यांना उघडणारी झडप नाही. दुसरा जिना असतो, पण त्यावर जुन्या गाद्या, मोडके पलंग आणि मुलींनी सुटीत ठेवलेल्या बॅगा रचलेल्या. अशा इमारतीत मध्यरात्री मीटरच्या फळीवर ठिणगी पडली तर धूर जिन्यानेच वर चढतो, आणि खाली उतरण्याची वाट तीच. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे इमारतीतील अग्निशमन व्यवस्था चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करावा लागतो. हा दाखला मागण्याचा पालकास संकोच वाटण्याचे काही कारण नाही. मात्र दाखल्यावर भिस्त ठेवूनही चालत नाही. १९ जानेवारी २००० रोजी पहाटे न्यू जर्सीतील सेटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल या वसतिगृहास आग लागली. धोक्याची घंटा वाजली, पण ती पूर्वी कित्येकदा खोटी वाजलेली असल्यामुळे अनेकांनी पांघरूण ओढून घेतले. तीन विद्यार्थी मृत्यू पावले. त्यानंतर त्या राज्यात वसतिगृहांच्या छतांस पाण्याचे फवारे बसविणे सक्तीचे झाले. सत्राच्या पहिल्याच पंधरवड्यात, रात्रीच्या वेळी, पूर्वसूचना न देता एकदा सर्व मुलांना खाली उतरवून पाहिल्यावाचून कोणतीही आग-व्यवस्था पुरी झाली असे मी मानणार नाही.

येथवर मी संस्थांच्या वसतिगृहांविषयी बोललो. परंतु उपनगरांत राहणाऱ्या परगावच्या मुलामुलींत वसतिगृहात जागा मिळालेले भाग्यवान थोडे. बाकीचे ‘पीजी’त राहतात. अंधेरीत मेट्रोच्या जवळ दोन खोल्यांच्या एखाद्या सदनिकेत प्लायवूडचे आडोसे घालून आठ-दहा पलंग बसवितात. एक दार, एक स्वयंपाकघर, एक स्नानगृह. त्या स्नानगृहात गॅसचा गीझर असला आणि खिडकी काचेने बंद केलेली असली, तर विषारी वायू साचून आत गेलेला माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची एक मुलगी अशाच रीतीने राहत्या घरी बेशुद्ध पडून दगावली. भाडेकरूची माहिती मालकाने पोलीस ठाण्यात द्यावी, असा मुंबई पोलिसांचा हुकूम आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु मालकाची, त्याच्या दलालाची, दुसरी किल्ली बाळगणाऱ्या नोकराची माहिती भाडेकरू मुलीस कोणी द्यावी, याचा विचार त्यात नाही. तमिळनाडूने २०१४ साली स्त्रिया व बालके यांच्या वसतिगृहांसाठी नोंदणी व परवाना सक्तीचा करणारा कायदा केला, आणि खाजगी वसतिगृहेही त्याच्या कक्षेत घेतली. आपल्याकडेही पलंगागणिक भाडे घेणाऱ्या प्रत्येक घरास ही शिस्त लागू व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी तोपर्यंत थांबावयाचे कारण नाही. मुली रात्री उशिरा येतात म्हणून सभेत ठराव करणारी संस्था त्या सदनिकेतील गीझर आणि विजेच्या तारा तपासण्याचाही ठराव करू शकते.

आणि आता त्या उशिरा येण्याविषयी. वसतिगृहातील सुरक्षितता म्हटली की सर्वप्रथम फाटक बंद होण्याच्या वेळेचा विषय निघतो, म्हणून मी तो मुद्दाम शेवटी ठेवला. मुलींचे फाटक साडेआठला आणि मुलांचे अकराला, किंवा कधीच नाही, असा भेद आजही अनेक ठिकाणी आहे. २०१५ पासून दिल्लीतील विद्यार्थिनींनी त्याविरुद्ध ‘पिंजरा तोड’ ही चळवळ चालविली. तत्त्वाचा वाद बाजूस ठेवून मी केवळ व्यवहाराचे बोलतो. मरोळच्या कंपनीत उमेदवारी करणारी मुलगी सातला सुटते. घाटकोपरला मेट्रोतून उतरून मध्य रेल्वेची गाडी पकडते. पावसाने गाड्या रखडल्या की साडेआठाचे साडेनऊ होतात. फाटक बंद, नोंदवहीत लाल शेरा, घरी पत्र. हे टाळण्यासाठी ती कोणा अर्धवट ओळखीच्या ठिकाणी रात्र काढते, आणि जी मुलगी एका तासाच्या उशिराने आपल्या खोलीत सुखरूप पोहोचली असती तिला नियमानेच रस्त्यावर ठेवलेले असते. उशीर नेहमी आपल्या हाती नसतो: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री हजारो माणसे अनोळखी लोकांनी आपापल्या घरांत घेतली म्हणून वाचली. मुलगी किती वाजता आली, यापेक्षा ती अद्याप आलेली नाही हे वसतिगृहास कळले की नाही, आणि कळल्यावर कोणी तिला दूरध्वनी करून ‘कोठे आहेस, कोणास पाठवू’ असे विचारले की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. नोंदवही दंडासाठी ठेवली की ती खोटी भरली जाते. शोधासाठी ठेवली की मुली आपण होऊन तीत खरे लिहितात.

या सभागृहात आज उपनगरांतील काही महाविद्यालयांचे प्राचार्य आणि विश्वस्त बसलेले आहेत. त्यांच्यापाशी माझी विनंती आहे, की येत्या प्रवेशसत्रापूर्वी त्यांनी आपल्या वसतिगृहाच्या दर्शनी भागात एक कागद मराठीत लावावा. त्यावर रात्री इमारतीत मुक्कामास असणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी, अंतर्गत समितीतील सभासदांची नावे, मागील वर्षी आलेल्या तक्रारींची संख्या व त्यांपैकी किती निकालात निघाल्या तो आकडा, जुलैच्या अग्निशमन दाखल्याची तारीख, आणि खोल्यांच्या दुसऱ्या किल्ल्या कोणाच्या ताब्यात आहेत ते लिहिलेले असावे. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीची खोली चौकशी पूर्ण होईपर्यंत तिच्या लेखी संमतीवाचून काढून घेतली जाणार नाही, ही हमी त्याखाली प्राचार्यांनी स्वतःच्या सहीने द्यावी. आणि जे पालक येथे आहेत त्यांनी हा कागद लागलेला दिसला नाही, तर प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी कार्यालयाच्या खिडकीशी तो मागावा.